टाकी तुम्ही निवडलीत, बूच कोणी निवडलं?

प्रति,
सांगली, मिरज, कराड आणि सातारा येथील वंध्यत्व उपचार केंद्रांचे संचालक
आणि खरेदीच्या कागदावर सही करणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

मी भ्रूणतज्ज्ञ आहे. गेली एकवीस वर्षं याच पट्ट्यात काम करते, त्यातली बहुतेक मिरजेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी माझी ओळख आहे आणि आज जे लिहिते आहे ते काहींना समोरासमोर सांगितलेलंही आहे. ऐकून घेतलं जातं, पटतंही. पण पुढच्या खेपेला पुन्हा तीन कोटेशनं मागवून सगळ्यांत खालच्या दराला ऑर्डर जाते. म्हणून आता सगळ्यांना एकत्र आणि उघडपणे लिहिते आहे.

विषय आहे बीजांडं, भ्रूण आणि वीर्य गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीबरोबर लागणाऱ्या सामानाचा. टाकी घेताना तुम्ही कसून चौकशी करता. किती लिटरची, एकदा भरली की किती दिवस टिकते, वॉरंटी किती, सगळं विचारता. ती आली की हळदकुंकू वाहून नारळ फोडता. पण त्या टाकीत उतरणाऱ्या केन (नमुने लावायच्या लांब दांड्या), गॉब्लेट, स्ट्रॉ (नमुन्याच्या बारीक कांड्या), लेबलं आणि टाकीभोवती लागणारं बूच, मोजपट्टी, चिमटे, हातमोजे, अलार्म हे सगळं मिळून बिलात ‘इतर साहित्य’ अशी एक ओळ असते. ती ओळ भरणाऱ्याने आयुष्यात कधी टाकीचं झाकण उघडलेलं नसतं.

माझी मागणी एकच आहे. ज्याचा हात रोज टाकीत जातो, त्याच्या सहीशिवाय हे सामान घेऊ नका. ती का करते आहे ते सांगते.

माझे वडील पलूस तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. आमच्या ओसरीवर गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या ठेवलेला तीन लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर असायचा आणि गाय माजावर आल्याचा निरोप आला की तो एम-एटीच्या मागे बांधून ते निघायचे. रोज सकाळी ते काळ्या रंगाची एक लाकडी पट्टी कंटेनरमध्ये तळापर्यंत सोडायचे, दहा आकडे मोजायचे, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायचे. पट्टीवर पांढरा बर्फ धरायचा. बर्फ जिथपर्यंत, तिथपर्यंत नायट्रोजन. ती रेघ वाचून आकडा वहीत लिहायचं काम माझं. पोकळ नळी कधी आत घालायची नाही, हे मी तिसरीत असताना शिकले. गरम नळी आत गेली की नायट्रोजन उकळून वरच्या तोंडातून अंगावर उडतो.

त्यांचा दुसरा नियम कॅनिस्टरचा, म्हणजे कांड्या ठेवायच्या आतल्या लांब डब्याचा. तो कंटेनरच्या मानेच्या वर आणायचा नाही, आणि दहा मोजेपर्यंत कांडी चिमट्यात आली नाही तर सगळं परत बुडवायचं, मग पुन्हा प्रयत्न. समोर गायवाला कितीही घाई करत असला तरी.

गाईच्या कांडीत पाव मिलीलिटर असतं. आज आपण व्हिट्रिफिकेशनने, म्हणजे झटक्यात गोठवून, बीजांड किंवा भ्रूण ठेवतो ती प्लास्टिकची पट्टी जेमतेम ०.४ मिलिमीटर रुंदीची असते आणि तिच्यावरचा थेंब साधारण ०.१ मायक्रोलिटरचा. कांडीच्या अडीच हजारावा भाग. तो थेंब इतका लहान ठेवतो म्हणूनच तो मिनिटाला वीस हजार अंशांहून जास्त वेगाने थंड होतो आणि बर्फाचा स्फटिक न होता काचेसारखा घट्ट होतो. पण जो थेंब इतक्या वेगाने गार होतो तो तितक्याच वेगाने गरमही होतो. गाईची कांडी दहा आकडे देते; ही पट्टी दोन आकडेही देत नाही.

चिक्कीचा पाक आणि खडीसाखर दोन्ही साखरच. पाक पटकन गार झाला की काचेसारखा होतो, त्यात खडे नसतात. तीच चिक्की दमट हवेत राहिली की आतून रवाळ होते. भ्रूणाचंही तसंच. उणे १९६ अंशांना सगळं स्थिर. उणे १३० च्या आसपास काच मऊ पडायला लागते आणि आत स्फटिक धरू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टी परत बुडवली की ती पुन्हा तशीच छान दिसते. नुकसान कळतं ते वर्ष-दोन वर्षांनी, गरम करून मायक्रोस्कोपखाली घेतल्यावर, आणि तेव्हा ती बाई बाहेर बाकावर बसलेली असते.

आता गॉब्लेटकडे येते. गॉब्लेट म्हणजे केनवर बसणारी प्लास्टिकची छोटी पेली. ती दोन प्रकारची मिळते, तळाला भोक असलेली आणि नसलेली. भोक असलेली उचलली की नायट्रोजन खाली गळून जातो. बिनभोकाची उचलली की पेलीभर नायट्रोजन बरोबर वर येतो आणि आतल्या पट्ट्या बुडालेल्याच राहतात. एका केंद्रात माझ्या सुटीच्या काळात भोकाच्या गॉब्लेटचा पूर्ण डबा घेतला गेला. बिलावर ‘गॉब्लेट, १३ मिमी’ एवढंच होतं, व्यासही बरोबर होता. परत आल्यावर मी रिकामी केन बुडवून वर उचलली तर गळणाऱ्या नायट्रोजनची चळचळ ऐकू आली. तोपर्यंत सहा केन त्यांत भरल्या गेल्या होत्या. त्या सहा केन मी थाळीत, नायट्रोजनच्या पातळीखाली ठेवून, एकेक करत दुसऱ्या गॉब्लेटमध्ये हलवल्या. अडीच तास लागले आणि त्या अडीच तासांत मी एकदाही मान वर केली नाही. भोकाचे गॉब्लेट टाकून द्यायचे नाहीत, वीर्याच्या स्ट्रॉला ते चालतात. पण दोन्हींतला फरक खरेदी करणाऱ्याला माहीत असायला हवा, आणि तो कोटेशनवर लिहिलेला हवा.

थाळीचंही सांगते. पट्ट्या हलवायची थाळी इतकी खोल हवी की केन आडवी ठेवली तरी वर चार बोटं नायट्रोजन राहील. माशांच्या पेटीसारखे थर्माकोलचे डबे मी अजूनही बघते. त्यांचे कण सुटतात, बर्फाबरोबर टाकीत जातात आणि तळाशी गाळ साचतो. चिमटा लांब हवा, पकड पातळ हवी, आणि स्ट्रॉला लावण्याआधी तो नायट्रोजनमध्ये बुडवून गार केलाच पाहिजे. खोलीच्या तापमानाचा चिमटा म्हणजे त्या थेंबासाठी निखारा.

आपल्याकडे कोण काय ठेवायला देतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा. विटा, आटपाडी भागातली गलाई करणारी कुटुंबं. नवरा तामिळनाडूत किंवा बंगालात सोनं-चांदी गाळतो, वर्षातून दोनदा गावी येतो. तो दिवाळीत नमुना देऊन जातो आणि बायकोचे उपचार त्याच्या पाठीमागे चालतात. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे घराघरात फौजी आहे. पोस्टिंगवर जायच्या आधी नमुना ठेवून जाणारे जवान मी पाहिले आहेत. कर्करोगाची केमोथेरपी सुरू होण्याआधी बीजांडं ठेवणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुली आहेत. यांतल्या कित्येकांना दुसरी संधीच नाही. ऊसबिलातून किंवा द्राक्षाच्या पैशातून फी भरली गेली असेल, ती पुन्हा जमवता येईल. नमुना नाही.

आणि हे सगळं लेबलावर अवलंबून. २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात साठवणुकीची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे. म्हणजे आज लिहिलेलं नाव, दहा वर्षं नायट्रोजनमध्ये राहून, बर्फ पुसल्यावर, घाईत, वाचता आलं पाहिजे. साध्या मार्करची शाई स्पिरिटच्या एका बोळ्याने जाते. साधं स्टिकर आत गोंद कडक होऊन सुटतं आणि टाकीच्या तळाशी नुसतं लेबल सापडतं. अशी तीन लेबलं मी एका जुन्या टाकीतून काढली आहेत आणि ती कोणाची हे शोधायला चार दिवस लागले. उणे १९६ साठीच बनवलेली, थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर छापलेली लेबलं घ्या. त्यावर फक्त नाव पुरत नाही. आपल्या जिल्ह्यात एका महिन्याच्या यादीत अकरा पाटील आणि सात जाधव असतात. नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, तिन्ही हवं.

रंगांबद्दल एक बारीक गोष्ट. गॉब्लेट आणि व्हिजोट्यूब (स्ट्रॉ एकत्र ठेवायच्या प्लास्टिकच्या नळ्या) रंगीत मिळतात आणि आपण रंगावरून ओळखतो. पण बर्फाच्या थरातून टॉर्चच्या उजेडात फिकट पिवळा आणि पांढरा सारखाच दिसतो, जांभळा आणि निळाही. रंग ठरवताना डबा उजेडात बघून ठरवू नका. एक-एक नग नायट्रोजनमध्ये बुडवून, बाहेर काढून, शेजारी ठेवून बघा.

स्क्रू झाकणाच्या व्हायलबद्दल, म्हणजे छोट्या कुप्यांबद्दल, थोडक्यात: त्या थेट द्रवात बुडवू नका. आत नायट्रोजन शिरला तर गरम करताना व्हायल फुटते. आणि हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही पॉझिटिव्ह रुग्णांचे नमुने बंद स्ट्रॉमध्ये, वेगळ्या टाकीत. हे तुम्हाला माहीत आहे. वेगळी टाकी घ्यायचं तेवढं राहून जातं.

आता बुचाची गोष्ट. शीर्षक त्याच्यावरून आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा मी मिरजेतल्या एका केंद्रात होते. केंद्रात पाणी आलं नाही. पण कोल्हापूरकडचा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, सांगलीवाडीच्या बाजूने यायचा मार्ग बंद, आणि आमची नायट्रोजनची गाडी मंगळवारी यायची ती आलीच नाही. मला फार काळजी वाटली नव्हती. ३५ लिटरची टाकी, रोज पाव लिटर उडतो, हिशेबाने अजून तीन आठवडे निघायला हवे होते. मोजपट्टी घातली तर बर्फाची रेघ ११ सेंटिमीटरवर. २५ च्या वर असायला हवी होती.

टाकीला बाहेरून घाम नव्हता, बर्फ नव्हता, म्हणजे टाकीच्या दोन भिंतींमधलं व्हॅक्यूम शाबूत होतं. मग मानेवर हात फिरवला. बुचाभोवती बर्फाचं कडं. महिन्याभरापूर्वी मूळ बूच तुटलं होतं आणि दुसऱ्या कंपनीचं, बसतंय म्हणून, घेतलं होतं. वरून ते बसत होतं. पण त्याचा खालचा फोमचा दांडा मूळच्यापेक्षा तीन बोटं आखूड होता आणि व्यासालाही किंचित कमी. मानेतून उष्णता आत जात होती आणि रोज लिटरहून जास्त उडत होतं. महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण नोंदवहीत सेंटिमीटरच्या रकान्यात रोज ‘ओके’ लिहिलेलं होतं.

११ सेंटिमीटर म्हणजे केनवरचे खालचे गॉब्लेट जेमतेम द्रवात होते आणि वरचे वाफेत. वाफेतही पुष्कळ थंडावा असतो, म्हणून ते वाचले. मी आणि माझ्याबरोबरच्या मुलीने वरच्या सगळ्या केन दुसऱ्या, भरलेल्या टाकीत हलवल्या. आखूड बुचावर फोम गुंडाळला, पण घट्ट केला नाही. वाफ बाहेर जायला वाट लागतेच, टाकी कधीही हवाबंद करायची नसते. मग वडिलांना फोन लावला. ते निवृत्त झाले होते, तरी तासगावकडच्या एका पर्यवेक्षकांना त्यांनी कळवलं आणि ते गृहस्थ पुराचं पाणी चुकवत, फिरून फिरून, जीपमध्ये काचा उघड्या ठेवून दहा लिटर घेऊन संध्याकाळी पोहोचले. त्यांचा आमच्या केंद्राशी काही संबंध नव्हता. जनावरांसाठी ठेवलेला नायट्रोजन त्यांनी आमच्या टाकीत ओतला आणि चहाही न घेता परत गेले.

त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी मागते आहे. बूच त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, आणि एक जादा आधीपासून कपाटात. दुसरी, टाकीखाली वजनकाटा. हळदीच्या सौद्यात पोती मोजायला असतो तसला साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. एक लिटर नायट्रोजनचं वजन सुमारे ८०० ग्रॅम. झाकण न उघडता, मोजपट्टी न घालता, रोज सकाळी एक आकडा दिसतो. काल १२ किलो नायट्रोजन होता, आज ११ आहे, तर काहीतरी बिघडलं आहे, हे नवीन आलेल्या मुलालाही कळतं. पट्टी ठेवाच, पण काटा हवा.

अलार्म असताना काटा कशाला, असं मला विचारलं गेलं आहे. मार्च २०१८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या दोन वेगवेगळ्या केंद्रांच्या टाक्या बिघडल्या. क्लीव्हलंडमध्येच चार हजारांहून अधिक बीजांडं आणि भ्रूण गेले. तिथे बाहेर कळवणारा अलार्म होता, पण तो बंद होता. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पातळीवर लक्ष ठेवणारा कंट्रोलरच नीट नव्हता. पैसा, यंत्रणा, सगळं असून.

अलार्म घेताना ब्रोशर बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठे बसणार? तळाशी बसवला तर टाकी जवळपास कोरडी होईपर्यंत तो उणे १९६ च दाखवत राहील. तो वरच्या गॉब्लेटच्या उंचीला हवा. वीज गेल्यावर किती तास चालणार? टाकीला वीज लागत नाही, अलार्मला लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ जाते हे तुम्ही जाणता. आणि फोन कोणाला जाणार? मी असं केंद्र पाहिलं आहे जिथे अलार्मच्या सिमचं रिचार्ज संपून पाच महिने झाले होते. महिन्यातून एकदा प्रोब हवेत उचला आणि फोन वाजेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात बघा. बाकी कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला ती मिनिटं जास्त खरी वाटतात.

माणसांचंही बोलायला हवं. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. ३५ लिटरची भरलेली टाकी कलंडली तर साडेचोवीस घनमीटर वायू. आणि दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली अठ्ठावीस घनमीटरची. जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या खोलीत टाक्या ठेवून वर एसी लावलेला मी दोन ठिकाणी बघितला. एसी तीच हवा फिरवतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस थेट खाली कोसळतो. ऑक्सिजन मीटर १९.५ टक्क्यांना वाजणारा घ्या, त्याचा दिवा दाराबाहेरही दिसू दे आणि एक्झॉस्ट फॅन जमिनीलगत बसवा, कारण गार वायू खाली साचतो. नायट्रोजनचा जार लिफ्टमधून नेताना त्याच्याबरोबर कोणी आत चढायचं नाही.

हातमोजे सैल हवेत, झटकले की निघतील असे. आत थेंब गेला तर घट्ट मोजा कातडीला चिकटतो. फार जाड घेतले की मुलं ते काढून ठेवतात, कारण बारीक पट्टी त्यात धरता येत नाही. म्हणून ज्याला वापरायचे आहेत त्याच्या हातात घालून बघूनच घ्या. चेहऱ्यासाठी पूर्ण शील्ड, चष्मा नव्हे. टाकीला पाच चाकांची बैठक घ्या. आतली टाकी फक्त मानेवर टांगलेली असते. ओढताना बसलेला एक हिसका त्या मानेला पुरतो.

वळवाचे पाऊस सुरू झाले आहेत. जूनच्या मध्यापर्यंत आपण सगळी केंद्रं मिळून एक गोष्ट करू शकतो. मिरजेत उंचावरच्या भागात, वरच्या मजल्यावर, सगळ्यांच्या वर्गणीतून एक भरलेली राखीव टाकी ठेवायची. तिच्याबरोबर प्रत्येकाच्या टाकीच्या मॉडेलचं एक-एक जादा बूच आणि नमुने उभे नेता येतील असा एक ड्राय शिपर, म्हणजे प्रवासात नमुने गार ठेवणारा, द्रव न सांडणारा डबा. पूर आला, गाडी अडली, कोणाची टाकी गेली, तर कोणाला कोणाकडे हात पसरावे लागणार नाहीत. धंद्यातली स्पर्धा आपापल्या जागी असू दे. ज्यांना हे मान्य आहे त्यांच्याकडे मी स्वतः येऊन टाकीच्या मानेचा व्यास, बुचाच्या दांड्याची लांबी आणि कॅनिस्टरची उंची मोजून यादी करते. त्याचे पैसे नकोत. अर्धा तास आणि टाकीजवळ काम करणारा माणूस सोबत हवा, स्टोअरचा नव्हे.

माझा नंबर तुमच्यापैकी बहुतेकांकडे आहे. फोन सकाळी आठच्या आत करा. त्यानंतर मी लॅबमध्ये असते आणि फोन बाहेर ठेवलेला असतो.

आपली,
मिरजेतील एक भ्रूणतज्ज्ञ